सणाची बरणी
अम्पारो सेन्देहास मोरेलियाच्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या गाठींचे तपासणीसाठी पातळ काप करता करता मुरली होती. कॅनडात, हॅलिफॅक्सला, अशा कापांचं नवं रंगीत चित्रण शिकायला कोण जाणार, असं विचारल्यावर सगळ्यांच्या आधी तिनं हात वर केला. धाकट्या भावाच्या, चेंचोच्या, मेंदूतून काढलेली गाठ मेणात बसवून तिनं सोबत नेली.

हॅलिफॅक्सच्या यंत्रात एकाच कापावर कितीतरी प्रथिनं वेगवेगळ्या रंगांत उजळत. त्यातलं एक चेंचोच्या गाठीत उजळलं, तर नवं औषध देऊन बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. पुन्हा डोकं उघडणं त्याला झेपणार नव्हतं.

तिथल्या रोग्यांचे काप पडद्यावर जत्रेसारखे झगमगले. चेंचोचा काळाच राहिला. रंग शिरावा म्हणून उकळून पाहिला, पुन्हा रंगवला. काळाच.

"तुकडा टिकवायला फॉर्मलिनमध्ये किती वेळ ठेवला होतास गं?" शिकवणाऱ्या मॉरीननं विचारलं.

"ग्वादालुपेच्या देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी ऑपरेशन झालं."

"म्हणजे सणादिवशी बाहेर काढलास."

"सणादिवशी? बाई गं, डिसेंबरातल्या देवीपासून जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत आमच्याकडे कुत्रंही कामावर नसतं!"

मॉरीन हसली आणि हसता हसता थांबली. "महिनाभर? अगं, एक-दोन दिवस पुरे. पुढे प्रथिनं अशी जखडतात, की रंग आत शिरतच नाही."

मोरेलियातल्या साध्या तपासणीत असे तुकडे नेहमीच छान दिसत. कधी कुणाचं अडलं नव्हतं. उलट सुट्टीवर निघताना अम्पारोनं चेंचोच्या तुकड्याच्या बरणीत काठोकाठ ताजं फॉर्मलिन ओतलं होतं. आपल्या माणसाचं आहे, नासायला नको.

संध्याकाळी आईचा फोन आला. "दिसलं का गं?"

"नाही दिसलं, आई."

"चष्मा लाव की."

"यंत्रालाच दिसत नाही."

"मग दुसरं यंत्र बघ! एवढी लांब गेलीस ती काय बर्फ खायला?"

चेंचोनं फोन ओढून घेतला. हल्ली त्याचे शब्द हरवत.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. हे चिडवणं तेवढं शाबूत होतं. मग शब्द चाचपत म्हणाला, "ये... आता."

"अजून शिकायचं राहिलंय रे."

"कुणा... कुणासाठी?"

पुढच्या रोग्यांसाठी, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"येते," ती म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून लवकरात लवकरचं परतीचं तिकीट शोधू लागली.