हद्दीचा दगड

माझं उर्दू चांगलं होतं आणि त्याचा मला ताठा होता. निजामाच्या अमलात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यावरच्या शाळामास्तराला उर्दू यावंच लागे, पण येणं वेगळं आणि मिरवणं वेगळं. मी मिरवत असे. गावात कुणाला सरकारात दरखास्त करायची झाली की तो माझ्या दाराशी येई, आणि मी बोरूला टोक काढता काढता त्याला चांगला ताटकळत ठेवी. आज ते आठवलं की स्वतःच्याच दोन मुस्काटात ठेवून द्याव्याशा वाटतात.

आमचं गाव येडशीच्या स्टेशनावरून कळंबला जाणाऱ्या सडकेला लागून होतं. गावातल्या आडांचं पाणी मचूळ, त्यामुळे प्यायचं पाणी सडकेपलीकडच्या विहिरीवरून आणावं लागे. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या, आणि त्या भट्टीवर चालणाऱ्या मोटारीत काही दम नसे. विहिरीच्या अलीकडे लांब उतार होता आणि पलीकडे चढ. चढ चढायचा तर उतारावरच जोर घ्यायला हवा, म्हणून विहिरीपाशी मोटार सुसाट येई. ड्रायव्हर आमच्याच भागातला, भला माणूस होता. मी त्याला एकदा हटकलं तर म्हणाला, "मास्तर, हितं आवळून धरली तर वर चढत न्हाय. समद्यास्नी उतरून ढकलावं लागतंय. म्या भोंगा वाजवतो की."

भोंगा तो वाजवायचा, खोटं कशाला बोलू? पण माझी थोरली बहीण, अक्का, ठार बहिरी होती.

लहानपणी तापात तिचे कान गेले आणि शिकलेलं चार शब्दांचं बोलणंही हळूहळू गेलं. तिचं लग्न झालं नाही. आईबाप गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि मास्तर झालो तरी माझी भाकरी तीच थापत होती. आमचं बोलणं खुणांचं. काही खुणा तिच्या, काही माझ्या, आणि गावाला त्यातलं अर्धंमुर्धंच कळे. मोटार म्हणजे मूठ वळून हँडल फिरवायचं. हळू म्हणजे तळहात पालथा करून दोनदा खाली दाबायचा. दूध उतू जायला लागलं, जाळ कमी कर, यालाही तीच खूण होती. मी शाळेत कागदावर लिहितो याचं तिला फार अप्रूप होतं. माझा लिहिलेला कागद दिसला की ती हात पुसून मगच त्याला शिवायची.

एके दिवशी मोटार तिच्या इतक्या जवळून गेली की तिच्या डोक्यावरची चुंबळ उडून पडली. ती घरी येऊन हसत हसत मला ते खुणेनं सांगत होती. मला हसू आलं नाही. मी तसाच उठून पाटलांकडे गेलो.

पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी लिवा. गावापाशी मोटार सावकाश न्यावी, एवढंच लिवा. आन् वरच्या वळीत मोटारीचं नाव घाला. कचेरीत वरचंच वाचत्यात."

पाटलांना अक्षरओळख नव्हती. मला त्यांची कीव आली. मथळ्यात मोटार! मी तीन दिवस घासून मथळा काढला: 'दरखास्त बाबत तअय्युने हद'. म्हणजे मर्यादा ठरवून मिळण्याविषयी. खाली दीड पान मजकूर होता. त्यात मोटार होती, उतार होता, विहीर होती, बहिरी बाईही होती. पण वर नुसतं हद. लिहून झाल्यावर तो मथळा मी स्वतःलाच चारदा मोठ्यानं वाचून दाखवला. मला तो फार गोड वाटला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. तहसिलीतल्या पेशकारानं, म्हणजे कागद लावणाऱ्या कारकुनानं, मथळा वाचला, आणि हद म्हणजे गावची शीव, हा त्याचा रोजचा अर्थ घेऊन कागद जमीनमोजणीच्या गठ्ठ्यात घातला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, या हिशेबानं आम्ही वाट पाहिली. सुगी झाली, उन्हाळा लागला, आणि एका सकाळी मोजणीची मंडळी साखळ्या घेऊन हजर झाली. दोन दिवस त्यांनी शिवार मोजलं. पाटलांनी आणि मी त्यांना सांगून पाहिलं की आमचं म्हणणं मोटारीबद्दल आहे. त्यांच्यातल्या मोठ्या माणसानं मिसल, म्हणजे कागदांची फाईल, उघडून माझ्याच मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आप ही ने तो माँगा है." शीव सडकेच्या काठानं जाते असं त्यांच्या मोजणीत निघालं, आणि विहिरीसमोर, सडकेच्या अगदी कडेला, त्यांनी मांडीएवढा उंच घडीव दगड रोवला. चुना फासला आणि गेले.

गावानं माझी मनसोक्त टिंगल केली. "मास्तरनं मोटार अडवायला धोंडा आनला," असं पारावर चाले. ते मी पचवलं. पण संध्याकाळी अक्कानं मला दारात थांबवलं आणि दगडाच्या दिशेनं हात करून भुवया उंचावल्या. ते काय आहे?

तिला माहीत होतं की मी मोटारीसाठी कागद लिहिलाय. त्या कागदाला ती हात पुसून शिवली होती. माझी चूक झाली, मथळ्याच्या हौसेपायी वर्ष वाया गेलं, हे तिला सांगायची मला लाज वाटली. मी हँडल फिरवलं, दगडाकडे बोट केलं, आणि तळहात दोनदा खाली दाबला. मोटार. तिथं. हळू. मनात म्हटलं, आता दुसरी दरखास्त करूच, महिन्या दोन महिन्यांत हे खरंही होईल. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसरी दरखास्त मी पाटलांच्या शब्दांत लिहिली. वरच्या ओळीत मोटार आणि तिची रफ्तार. ती मात्र बरोबर तामिरातच्या, म्हणजे सडका बांधणाऱ्या खात्याच्या कचेरीत गेली, आणि पावसाळ्यानंतर तिथले एक साहेब मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी घरं मोजली, उताराची लांबी पाहिली, दिवसातून मोटारी किती जातात ते विचारलं. मग खिशातलं घड्याळ काढून स्वतः त्या हद्दीच्या दगडापाशी उभे राहिले. वरच्या फर्लांगाच्या दगडापाशी शिपाई उभा केला. मोटार त्याच्यापाशी आली की त्यानं रुमाल हलवायचा, आणि साहेबांनी ती आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. मोटारीची रफ्तार काढायची ही रीत मला फार पटली.

पण साहेब आल्याची बातमी आदल्या गावातच ड्रायव्हरला लागली होती. शिपायाचा रुमाल हलला आणि मोटार मुंगीच्या पावलानं उतार उतरू लागली. दगडापाशी तर ती जवळजवळ थांबलीच, आणि मग चढावर खरोखर थांबली. सगळे उतारू खाली उतरून ढकलू लागले, त्यात मागून धावत गेलेला शिपाईही होता. गाव पोट धरून हसलं. मीही हसलो.

अक्का विहिरीवर होती. तिनं मोटार उतारावरून येताना पाहिली, दगडापाशी ती हळू झालेली पाहिली, आणि लांबूनच माझ्याकडे बघून तळहात दोनदा खाली दाबला. तिचा चेहरा कसा उजळला होता! भावानं कागद लिहिला, सरकारनं दगड रोवला, आणि मोटार त्या दगडाला मानते. आता मी तिला काय सांगणार होतो? साहेब शेजारी उभे होते. मी मान डोलावली.

साहेबांनी जाता जाता एकच प्रश्न विचारला, "अब तक कोई हादसा हुआ है?"

मी म्हणालो, "जी नहीं, मगर..."

मगरच्या पुढचं त्यांनी लिहिलं नाही. अपघात झालेला नाही, भोंगा वाजवला जातो, रफ्तार हरकतीची आढळली नाही, सबब हद मुकर्रर करण्याची जरूर नाही. असा जबाब दीड महिन्यानं आला. तो वाचताना मला राग आला. अक्काचा जीव म्हणजे यांच्या लेखी अजून न झालेला हादसा, असं मी पाटलांना म्हणालो. पाटील तंबाखू मळत म्हणाले, "पुन्यांदा लिवा." मी आज लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. परीक्षा जवळ आल्या होत्या.

अक्काला तो दगड आणखी एका कारणानं सोयीचा झाला होता. बाकीच्या बाया पहाटे पाण्याला जात आणि एकमेकींच्या डोक्यावर घागर देत. अक्का माझी भाकरी करून मग जायची, तेव्हा विहिरीवर कुणी नसे. एकटीला भरलेली घागर डोक्यावर घेणं कठीण. पण मांडीएवढ्या दगडावर घागर टेकवली, खाली वाकून खांद्याला लावली, की पुढचं सोपं. ती रोज तसंच करू लागली. घागर उचलताना तिची पाठ सडकेकडे होई. पूर्वी ती सडकेवर पाय ठेवताना दहादा मान वळवून बघायची. दगड आल्यापासून बघेनाशी झाली. मी हे पाहिलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा पाहिलं होतं, आणि सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं होतं.

त्या दिवशी मी शाळेत पाढे घेत होतो. मोटारीचा भोंगा नेहमी दोनदा वाजे. त्या दिवशी तो वाजतच राहिला. पोरं पाढे म्हणायची थांबली. साऱ्या गावानं तो भोंगा ऐकला. जिनं ऐकायला हवा होता तिला सोडून साऱ्यांनी ऐकला. मी धावत सुटलो तेव्हा मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

समोरून बैलगाडी आली होती आणि ड्रायव्हरनं मोटार कडेला घेतली होती. दगडाला काही झालं नव्हतं. घागर चेपून विहिरीच्या पायरीपर्यंत गेली होती. अक्का दगडाला लागून पडली होती आणि मी तिला हाका मारत होतो. आयुष्यात तिला कधी हाक मारली नव्हती, मारून उपयोगच नसे, आणि त्या दिवशी घसा फुटेपर्यंत मारत होतो.

ड्रायव्हर सडकेवर बसून होता. "पाठीकडनं वळखलं न्हाय हो मास्तर. वाटलं हटंल. लई वाजिवला म्या, लई वाजिवला." त्याच्यावर हात उगारायला चारजण धावले. मी त्यांना आवरलं. चांगुलपणानं नाही, माझ्यात उगारायला हातच राहिला नव्हता.

मग सगळं झपाट्यानं झालं. हादसा झाला होता ना! पंधरवड्याच्या आत तेच साहेब पुन्हा आले, आणखी दोघांना घेऊन. जुन्या मिसली मागवल्या होत्या. त्यात माझी पहिली दरखास्तही मोजणीच्या गठ्ठ्यातून निघून आली होती. नवीन आलेल्यांपैकी एकानं ती हातात धरून पाहिली आणि म्हणाला, "वाह, क्या पाकीज़ा ख़त है. किसने लिखा?" मी म्हणालो, मी. आणि सांगायला शरम वाटते, पण अक्षराच्या त्या कौतुकानं क्षणभर मला बरं वाटलं. बहिणीला जाळून पंधरा दिवस झाले नव्हते.

त्यांनी दगडापासून दोन्ही बाजूंनी अंतर मोजलं, कारण मोजायला पक्की खूण तीच होती. रफ्तार ताशी दहा मैल ठरली. उर्दूत रंगवलेली पाटी दगडाशेजारी रोवली गेली. पाटील पाटीकडे बघून म्हणाले, "बैल गेला आन् झोपा केला." ड्रायव्हरला वाचता येत नव्हतं, पण त्याला पाटीची गरजही नव्हती. तिथं आला की तो मोटार आवळायचा, चढावर उतारू मुकाट उतरून ढकलायचे, आणि कुणी हसायचं नाही.

मी तिसरी दरखास्त केली, तो दगड काढून टाकावा म्हणून. या वेळी मथळा अगदी साधा होता. जबाब आला की हद्द बरोबर कायम झालेली आहे, आणि हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे. एका दुपारी मी पहार घेऊन गेलोही होतो. पाटलांनी पहार हातातून काढून घेतली आणि मला घरी आणून सोडलं. त्यानंतर कुणासाठी दरखास्त लिहिली नाही. लोक येत, परत जात.

पुढं निजाम गेला. पाटी मराठीत झाली, कोळशाच्या भट्ट्या जाऊन पेट्रोलच्या गाड्या आल्या. दगड तिथंच आहे, बाया त्यावर घागरी टेकवतात, आणि तिथं आली की मोटार हळू होते. अक्काला मी जे खोटं सांगितलं होतं ते सरकारनं अक्षर न् अक्षर खरं करून ठेवलंय.

पण त्या संध्याकाळी तिनं दारात थांबवून विचारलं होतं, ते काय आहे? तेव्हा दगड आहे, एवढंच सांगायचं होतं. नुसता दगड. त्याची खूण आमच्यात लहानपणापासून होती. एका मुठीवर दुसरी मूठ आपटायची.