अंबुआक्काची काठवट

आज अंबुआक्काचा तेरावा. देवापुढं समई लावताना तिच्या नावानं एक वात जास्त वळली. या वहीत मी रोज उपास, पाहुणे, कुणाचं बारसं असलं काहीबाही लिहिते. आजचं पान तिचं.

शहापूरच्या आमच्या गल्लीत सोनारांची दुकानं. त्यांच्या पायऱ्यांपुढची धूळ झाडून नेणारी ती झारेकरीण. ती धूळ लाकडी काठवटीत पाण्यानं धुवायची, आणि तळाला मुंगीच्या डोळ्याएवढा सोन्याचा कण राहिला तरी सोडायची नाही. गल्ली तिला ‘धूळवाली’ म्हणायची. खोटं कशाला लिहू, मीही म्हणायचे.

तिचं माहेर गदगाकडं, कप्पतगुड्डाच्या पायथ्याला. तिची आजी तिथल्या ओढ्यांच्या वाळूतनं सोनं धुवायची. पुढं तिथं सोन्याच्या खाणींच्या कंपन्या आल्या, चिमण्या उभ्या राहिल्या आणि थोड्या वर्षांत निघूनही गेल्या. आजीनं दिलेलं चिमूटभर सोनं अंबुआक्का मोरपिसाच्या पोकळ देठात मेणानं बंद करून गळ्यात बांधायची.

१९१३ सालचा चैत्र. माझे वडील मारुतीराव, आमचे आप्पा, गुंजीजवळच्या आमच्या गावाहून आले ते हसतच. गावच्या ओढ्यात सोनं सापडलं होतं! कुणी कंपनीवाला तंबू ठोकून बसला होता. ओढ्याकाठची भातशेती कंपनीच्या नावावर करायची, म्हणजे गावकरी कंपनीचे भागीदार. सोमवारी कागदावर अंगठे. आमचं घर त्या एका शेतावर चालायचं.

सोनाराच्या पायरीशी धूळ भरणारी अंबुआक्का थांबली. आप्पांना ती अण्णा म्हणायची. "अण्णा, ते सोनं हाताला कसं लागतंय?"

"सोन्यागत लागतंय, आणि कसं?"

"तसं न्हवं. मला एकदा वाळू धुऊन बघू दे."

"चल की! तो स्वतःच म्हणतोय, कुणालाबी आणून दावा."

सोमवारी आम्ही तिघं रेल्वेनं गुंजीला उतरलो आणि चालत गावात गेलो. ओढ्याकाठी सगळा गाव जमला होता. मेजावर कागद, शेजारी शाईची गादी. अंबुआक्कानं कासोटा आवळला, कंपनीवाल्यानं दाखवली तिथली वाळू घेतली आणि काठवट फिरवायला लागली. पाणी गढूळ झालं, निवळलं. तळाला पिवळी रेघ उमटली. गाव ओरडला.

"बघा! तुमच्याच बाईनं काढलं," कंपनीवाला म्हणाला. "बाई, वीस बायकांवर मुकादम नेमतो तुला. धूळ झाडणं आजपासून बंद."

तिचे गुडघे तेव्हाच दुखायचे. उठताना भिंत धरावी लागायची. मला वाटलं, आता ही हो म्हणणार. पण ती रेघेकडं बघत राहिली.

"अण्णा, अंगठा द्या."

"अंगठा इकडं द्यायचाय, मेजावर," कंपनीवाला हसला.

अंबुआक्कानं आप्पांचा अंगठा ओला करून त्यावर काठवटीतला कण ठेवला. "चोळा."

"टोचतंय की गं."

मग तिनं गळ्यातला देठ काढला, दातानं मेण फोडलं आणि आजीचं सोनं त्यांच्या दुसऱ्या अंगठ्यावर टाकलं. "आणि हे?"

"हे न्हाय टोचत. कोंड्यागत मऊ हाय."

"वढ्याचं सोनं दगडावर घासून घासून चपटं हुतंय. हे कानशीनं कापल्यालं हाय. जल्मभर सोनाराच्या दारात हेच झाडलंय मी. वढ्यात न्हवतं हे, अण्णा, कुणीतरी आणून टाकलंय."

आमच्या शेताशेजारचा रवळू पुढं आला. "धूळवाली आमचं नशीब धुवाय आली व्हय गं?"

"नशीब न्हाय रं, वाळू धुतली. तुझा बी अंगठा आण."

रवळूनं दोन्ही चोळून बघितलं आणि मागच्याला पुढं ढकललं. मग एकेक जण पुढं आला. सगळ्या गावाचे अंगठे त्या दिवशी पुढं झाले, पण शाईच्या गादीला एकही लागला नाही. आजीचं सोनं मात्र अंगठ्याअंगठ्यावरनं ओढ्यात गेलं. देठ रिकामा झाला.

"तुझ्या आजीचं गेलं की गं सगळं," आप्पा म्हणाले.

"असू दे. नुसतं गळ्यात बसून हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूच्या जागी खुंट्यांची भोकं तेवढी राहिली होती. अंबुआक्का शहापूरला येऊन पुन्हा धूळ झाडायला लागली. गल्लीतला थोरला सोनार तेव्हापासून तिला बसायला पाट द्यायचा. माझ्या तोंडून ‘धूळवाली’ पुन्हा कधी निघालं नाही.

त्या शेताचा नवा तांदूळ आप्पा दर दिवाळीला स्वतःच्या डोक्यावरनं तिच्या दारात नेऊन द्यायचे. ती तो त्याच काठवटीत धुवायची, तसाच हात फिरवून. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हजर, आणि आईला म्हणायची,

"वहिनी, अण्णास्नी सांगा, औंदा खडं दोन निघाल्यात."

आणि आप्पा गावभर सांगत सुटायचे, "अंबुआक्कानं तपासलाय तांदूळ. दोनच खडं!"