नाव घेणारं माणूस

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात शुद्धलेखनाच्या वह्या तपासत होतो. सुलतानपूरहून आमच्या शेजारचा किसन आला होता. वहाणा बाहेर काढून तो दारात उभा राहिला. मीच विचारले, "दादा बरे आहेत ना?" तो म्हणाला, "दादा बरे हायेत, मास्तर..." पुढचे मला विचारावे लागले नाही.

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. सगुणाबाई हे वहिनींचे नाव. माझ्या थोरल्या भावाच्या त्या पत्नी, माहेर दुसरबीडचे. छापून यावे असे त्यांच्या हातून काही घडले, असे त्यांना स्वतःला कधी वाटले नसते. पण आमच्या घराण्यात पहिली पदवी मला मिळाली, ती खरे म्हणजे त्यांच्या कंबरेने मिळवलेली आहे. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, पाठोपाठ वडील गेले. वहिनी तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या असतील. त्यांना स्वतःला मूल झाले नाही. मला त्यांनीच वाढवले. माझी चौथी झाली तेव्हा दादांनी मला शेतात घ्यायचे ठरवले. त्यांचे चूक नव्हते, कामाला माणसे कमी होती. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्याच्या वाटचं निंदन मी करतो. त्याले जाऊ द्या मेहकरले." आणि पुढची कितीतरी वर्षे माझ्या वाटच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी त्यांनी निंदल्या. मी आधी मेहकरला, मग बुलढाण्याला आणि शेवटी अमरावतीला शिकत गेलो. पास झाल्याचे सांगायला आलो की त्या एवढेच विचारत, "आता आनखी किती राह्यलं, बापू?" बी. ए. झालो तेव्हा म्हणालो, "संपलं, वहिनी." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, माह्या कंबरेचंही संपलं."

या सगळ्याच्या बदल्यात त्यांनी आयुष्यभरात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ती माझ्या मुलीच्या नावाची.

मी मेहकरला मास्तर झालो, लग्न झाले, मुलगी झाली. माझी पत्नी यमुना खामगावची. तिला माहेरचे कोणी उरले नव्हते, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झाले आणि ते करायला वहिनी डिंकाचे लाडू घेऊन बैलांच्या दमणीतून आल्या. बारशाच्या आदल्या दिवशी मी त्यांना मोठ्या हौसेने सांगितले की नाव 'कुमुदिनी' ठेवायचे आहे. चांगल्या वीस नावांतून निवडलेले होते. वहिनींनी ते दोन-तीनदा घोळवून पाहिले. "कु... मु... दि... अवो, हाक पुरी होईस्तोर पोरगी गल्लीच्या पार जाईन!"

"मग तुम्ही सांगा."

"मले सांगता येत नाही."

"काऊन?"

त्यांनी बाळाच्या अंगाला तेल चोळायला घेतले. मग म्हणाल्या, "तुमच्या मायचं नाव ठेवा."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो... मला आईचे नाव माहीत नव्हते. वडिलांचे नाव मी हजार वेळा लिहिले असेल. आईचे कोणत्याही अर्जावर कुणी विचारले नाही. दादा तिच्याविषयी बोलले तर 'माय' म्हणत. तिला पाहिल्याचेही मला आठवत नाही. माणसाला स्वतःच्या आईचे नाव माहीत नाही, आणि भिंतीवर पदवी टांगलेली!

"काय होतं नाव?" मी हळूच विचारले.

वहिनींनी पदर दातात धरला. सासूचे नाव सुनेने घ्यायचे नसते. "पाचाजनायची एक बायको," त्या म्हणाल्या.

"द्रौपदी!"

"तसं पोथीतलं नाही. आपल्यासारखं म्हना."

"द्रुपदा?"

"अंहं."

"धुरपदा?"

"जवळ आले, जवळ आले..."

"धुरपता!"

वहिनींनी एकदम पदर कपाळावर ओढून घेतला. वडील माणूस दारात आल्यावर ओढावा तसा. इतक्या वर्षांनी आई त्या खोलीत आली ती अशी.

यमुना खाटेवरून ऐकत होती. ती म्हणाली, "वहिनी, त्या माझ्याही सासूबाई. मी माझ्या लेकीला हाक कशी मारू? आणि नाव इतकं जुनं... शाळेत पोरी हसतील तिला." तिचे म्हणणे खोटे नव्हते. मलाही मनातून तेच वाटत होते. वहिनी म्हणाल्या, "हसतीन तं हसतीन. पन ऐक. मामाजी, यायचे बाप, गेले. यायचे मामा अंगनातून त्या नावानं हाक मारत, तेही गेले. हे दोघं भाऊ माय म्हननार, आन मले त घेताच येत नाही. आता ते नाव घेनारं मानूसच राह्यलं नाही व. मानूस मरते, ते ठीक हाय. नावानं कायले मरावं?"

"पण वहिनी, आईनं तर तुम्हाला फार त्रास दिला म्हणतात," मी म्हणालो.

"लय बोलत. भाकर करपली तं दिवसभर ऐकवत. पन भाकर शिकवली कोनं? त्यायनंच ना?"

मी होकार दिला. पण खरे सांगायचे तर तो आनंदाचा होकार नव्हता, ऋणाचा होता.

दुसऱ्या दिवशी बारसे झाले. मला बहीण नाही, तेव्हा आत्याच्या जागी वहिनीच बसल्या. हे आधी कुणाच्या लक्षातच आले नव्हते की ज्यांना ते नाव उच्चारता येत नाही, त्यांनाच ते बाळाच्या कानात सांगायचे आहे. बायका त्यांच्या पाठीवर थापा मारायला सज्ज होऊन बसल्या. वहिनी पाळण्यावर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. शेजारच्या राधाकाकू म्हणाल्या, "अव, झोपली का काय तिथंच?" तेव्हा वहिनींचे ओठ हलले. पाठीत थापा पडल्या, 'कुर्र' झाले, आणि कुणीतरी विचारले, "काय ठेवलं?" वहिनी ताठ झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धुरपता."

राधाकाकूंना आमच्या घरची माहिती होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "सासूचं नाव घेतलं व तुनं! जीभ झडन!"

"सासूचं कुठी घेतलं, काकू?" वहिनी म्हणाल्या. "पोरीचं घेतलं."

बायका घुगऱ्या खाता खाता हसत राहिल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पाळण्याला हळूच झोका दिला.

एकदा तोंड मोकळे झाल्यावर मात्र त्यांनी कसर भरून काढली. सुट्टीत आम्ही सुलतानपूरला गेलो की सकाळपासून तीच हाक. "धुरपते, भांडं पाडू नोको!" "धुरपते, कान कुठी ठेवले व?" शेवटच्या अक्षरावर त्या असा हेल काढत की हाक गोठ्यामागून थेट नाल्यापर्यंत जाई. मग पदरात तोंड घालून मला सांगत, "आत्याबाई, म्हंजे तुमची माय, मले अशाच बोलत, बापू. आता माह्यी पाळी." दादा मात्र पुतणीला 'माय' म्हणत. आणि यमुना? तिने पोरीचे नाव 'बबी' केले आणि तेच चालवले. वहिनी तिला काही बोलल्या नाहीत. "तिच्या तोंडातून निंगन तवा निंगन," एवढेच म्हणत.

माझ्या हातून मात्र एक गोष्ट घडली ती येथे लिहिली पाहिजे. मुलीला शाळेत घातले तेव्हा दाखल्यावर नाव मी 'द्रौपदी' लिहिले. वाटले, नाव तेच आहे, फक्त शुद्ध केले. आठवडाभराने तिच्या मास्तरांनी मला अडवले, "मुलगी रोज येते, पण हजेरीला ओ देत नाही." घरी विचारले तर ती म्हणाली, "ते दुसऱ्याच कोनाले बोलवतात." हे मी पुढच्या सुट्टीत वहिनींना गंमत म्हणून सांगितले. त्या जात्याजवळ बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. "बापू," त्या म्हणाल्या, "चुकलेलं दुरुस्त करनं हे तुमचं कामच हाय. पन हे चुकलेलं नोहतं." शाळा उघडली त्या दिवशी मी दाखल्यावरचे नाव बदलून घेतले. आजही 'अशुद्ध' म्हणून एखाद्या शब्दाखाली रेघ ओढताना माझा हात जरा थांबतो.

शेवटी भेटलो ते आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला. वहिनी वाळल्या होत्या, खोकत होत्या, पण "औषिद घेऊन राह्यलो ना" म्हणून त्यांनी विषय संपवला. पोरीच्या केसांना तेल लावता लावता त्या तिला माझ्या आईच्या गोष्टी सांगत होत्या. ती किती तिखट होती, हरभऱ्याची भाजी कशी खुडायची, आणि एकदा लांडगा गोठ्याशी आला तेव्हा एकटीच काठी घेऊन कशी उभी राहिली. मीही ओसरीवर बसून ऐकत होतो. मला आईची जी काही ओळख आहे ती एवढीच, आणि ती दिली तिच्या सुनेने.

तेरावा झाल्यावर आम्ही मेहकरला परतायला निघालो. दादा बैल जुपत होते. सामान दमणीत चढले, पण पोरगी कुठे दिसेना. दादांनी इकडेतिकडे पाहिले. पण हाक घालायची ती वहिनींनी, असा त्या घराचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे आम्ही दोघे भाऊ नुसतेच उभे. यमुना माजघरातून बाहेर आली, उंबऱ्याशी थांबली. तिने पदर डोक्यावर नीट ओढला, आणि नाल्याकडे तोंड करून मोठ्याने हाक दिली, "धुरपते...!" हेलही तोच.

दादांचे हात जुवावर थांबले.

पोरगी नाल्याकडून धावत आली. धापा टाकत तिने दाराकडे पाहिले, मग आत माजघरात डोकावली, मग पुन्हा आईकडे पाहिले.

"तू मारली हाक?"

"हो, मीच," यमुना म्हणाली. "चल धुरपते, बैल जुपले."