कंगवेवहिनींचा हवालदार

कंगवेवहिनींच्या कमरेला कायम एक कंगवा खोचलेला असायचा आणि तो त्यांच्या स्वतःच्या केसांसाठी नव्हता. स्वतःचे केस त्या सकाळी एकदा बांधायच्या, मग दिवसभर त्यांचं काय झालं ते बघायच्या नाहीत. कंगवा होता सशासाठी. कंगवेवहिनी हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं आणि ते आमच्या घरात इतकं बसलं, की त्यांचं खरं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी माण तालुक्यातला. शाळा तिसरीपर्यंत. पण बैल, म्हशी, शेरडं यांच्यात वाढलो. पुढं फौजेत गाडी चालवली, नाईक म्हणून बाहेर पडलो. मुलाला विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात काम लागलं म्हणून जयपूरला येऊन राहिलो. जनावरातलं मला कळतं. हे कुणी सांगितलं म्हणून नव्हे, माझ्या हातांनी केलंय म्हणून म्हणतो. त्यामुळं शेजारी विम्याच्या कचेरीतले साहेब बदलून आले आणि त्यांच्या सामानात पहिल्यांदा खाली उतरली ती सशाची टोपली, तेव्हा मला हसू आलं. वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, अमरावतीकडच्या. त्यांनी ते पाहिलं.

"हसता काहून जी भाऊजी? हवालदार हाये हा. तुम्ही नाईक ना? मंग सलाम करा याले."

ससा मागचा पाय जमिनीवर आपटून सगळ्यांना दटावायचा, म्हणून नाव हवालदार. माझा हुद्दा त्यांना माझ्या बायकोनं सांगितला असणार. हवालदार नाईकाच्या वरचा, तरी सलाम मी केला नाही.

होळी जवळ आली, की जयपुरात थंडी एकदम काढता पाय घेते आणि हवालदाराचं अंग पालटायला लागायचं. मूठमूठ केस सुटायचे. पाठीवर कुठं दाट, कुठं विरळ, फाटक्या घोंगडीसारखा दिसायचा. त्या दिवसांत वहिनींचं सगळं लक्ष त्याच्या पोटाकडं. ससा स्वतःला चाटून साफ ठेवतो, चाटताना केस पोटात जातात. मांजर ते ओकून टाकतं. "सशाले उलटी होत नाई भाऊजी. आत गेलं ते मागूनच निघालं पायजे," हे त्या मला दर दोन दिवसांनी सांगायच्या, मी पहिल्यांदाच ऐकतोय असं. म्हणून हात ओला करून त्याला विंचरायचं, पाण्याचं भांडं भरलेलं ठेवायचं, अंगणात पळवायचं आणि खायला सुकं गवत, जितकं खाईल तितकं. सकाळी अंगण झाडायच्या आधी त्या उकिडव्या बसून लेंड्या बघायच्या. गोल, कोरड्या, सुट्या असल्या की चहा गोड लागायचा. केसात ओवल्यासारखी माळ निघाली, की त्या दिवशी कंगवा दुप्पट चालायचा आणि साहेबांना जेवायला उशीर व्हायचा.

आमच्या रस्त्यावरच्या चाऱ्याच्या टालीवरचं, म्हणजे वखारीतलं, गवत त्यांना पसंत नव्हतं. धूळ असते म्हणायच्या. एकदा मला घेऊन बसनं आमेरच्या पलीकडं एका शेतकऱ्याकडं गेल्या. त्यानं दाखवलेली पेंढी नाकाला लावली, बाजूला ठेवली. दुसरी लावली, तीही ठेवली. शेतकरी मला म्हणाला, "बाबूजी, बहनजी खुद खाएँगी क्या?" मी म्हटलं, "इनका हवालदार खाएगा." तो बिचारा हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं फौजेचा माल आहे. वहिनी परतीच्या बसमध्ये आमेर संपेपर्यंत हसत होत्या आणि पेंढी मांडीवर माझ्याच होती.

समोरच्या घरात माँजी राहायच्या. इथल्याच, वयानं माझ्याएवढ्या, एकट्या. सकाळी कबुतरांना ज्वारी, गाईला पहिली रोटी, कुत्र्याला शेवटची. मुक्या जीवाला खाऊ घातल्याशिवाय स्वतः घास घ्यायच्या नाहीत. होळीनंतरच्या आठवड्यात इथं बासोडा येतो. शीतलामातेचा दिवस. आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड खायचं, चूल पेटवायची नाही. माता म्हणजे आपल्याकडं देवी येतात ती, अंगावर फोड आणणारी. तिला थंड लागतं.

त्या बासोड्याला वहिनी बाजारात गेल्या होत्या. माँजी प्रसाद घेऊन आल्या आणि त्यांनी हवालदार पाहिला. अंगावर जागोजागी केस गेलेले, कातडी दिसतेय, आणि दिवस शीतलेचा. त्यांच्या मनानं तिथंच घेतलं, की याला माता आली. त्यांनी हात जोडले आणि प्रसादाचे तळलेले गोड पुवे त्याला कुस्करून घातले. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. चार घास गोडाचे, असं मला वाटलं. हवालदारानंही ते आवडीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्यानं गवताला तोंड लावलं नाही. अंगणात एक लेंडी नाही. कोपऱ्यात पाठ उंच करून बसला, डोळे अर्धे मिटून, दात करकर वाजवत. वहिनींनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. काय खाल्लं विचारल्यावर मी माँजींच्या पुव्यांचं सांगितलं. मग म्हटलं, बैलाचं पोट धरलं की आम्ही बांबूच्या नळीनं गोडं तेल पाजतो, मीही पाजलंय, बैल उठलेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बैलाचं बैलाले, भाऊजी." बैलाच्या बाबतीत मी आजही तेच सांगेन.

रिक्षा करून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, सुई दिली. आतडं अडकून बसलेलं नाही, पण मंदावलंय. उपाशी राहिला तर थांबेल, आणि थांबलं तर गेला, असं म्हणाल्या. सुक्या गवताचा भुगा पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीनं गालाच्या कडेनं थोडा थोडा द्यायचा. पोट हलक्या हातानं चोळायचं. जमेल तसं चालवायचं.

घरी आलो तर साहेब चिडलेले. समोर जाऊन म्हातारीला चार शब्द सुनावतो म्हणाले. एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिनं मायेनं घातलं. उद्या हा गेला, तर त्या बाईनं मातेचा परसाद द्यायचं सोडायचं का?"

तेवढ्यात माँजीच आल्या. माता शांत झाली का, विचारायला. मी सांगणारच होतो की ही माता नव्हे, ससे असे वर्षाला पालटतात. वहिनींनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्यांच्या त्या वऱ्हाडी हिंदीत सांगितलं, माता आहे, पण मातेला पथ्य लागतं. तळण नाही, गोड नाही, रोटी नाही. फक्त गवत आणि पाणी, आणि अंगावरून हात फिरवायचा. माँजींनी मान हलवली. त्यांच्याकडंही मातेला तळण चालत नाहीच.

त्या गेल्यावर मी वहिनींना विचारलं, एवढं खोटं कशाला. तर म्हणाल्या, "खोटं काय त्याच्यात? पथ्य सशाचंच हाये. नाव तिच्या देवीचं."

मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. पण त्या दिवसापासून माँजी रोज यायच्या, वहिनी भुगा कालवत तोवर ससा मांडीवर घेऊन पोट चोळत बसायच्या. वहिनींना त्यांची भाषा निम्मी कळायची, त्यांना वहिनींची पाव. एका दुपारी हवालदारानं पहिली लेंडी टाकली, हरभऱ्याहून बारीक, केसाला लटकलेली. दोघी बायका त्या लेंडीकडं अशा बघत राहिल्या की घरात बारसं असावं.

त्याच उन्हाळ्यात साहेबांची बदली गुवाहाटीला झाली. भर मे महिना, गाड्या बदलत जायचं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या उन्हात हा पोचायचा नाही. ससा मागं ठेवावा लागणार हे ठरलं. मला वाटलं, मलाच विचारतील. मी कोपऱ्यात सावलीची जागाही बघून ठेवली होती. वहिनींनी ससा माँजींकडं दिला.

मला लागलं. मी फाटकाशी उभा राहून स्पष्ट विचारलं, जनावरातलं मला कळतं की त्यांना?

वहिनी म्हणाल्या, "तुम्हाले कळते भाऊजी, म्हणून तर. तुमी तुमच्या मनानं कराल. माँजी रोज मले फोनवर विचारून करतील." मग वाकून माझ्या पाया पडल्या आणि रिक्षात बसल्या. एवढं तोंडावर बोलून पाया पडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

माँजींनी हवालदाराला कसं सांभाळलं, ते मी समोरून बघितलं. अंग पालटायच्या दिवसांत तर गल्लीत कुणाची हिंमत नव्हती त्याला बिस्किट दाखवायची. माझे हात त्यांच्यापेक्षा स्थिर, म्हणून विंचरताना धरायला मला बोलवायच्या. जायचो. माझ्या मनानं काही केलं नाही.

पुढं एका हिवाळ्यात, सकाळच्या उन्हात पाय पसरून पडल्या पडल्या तो गेला. वय झालं होतं. माँजींनी मला बोलावलं आणि फोन लावायला सांगितलं, पण स्वतः घ्यायला तयार होईनात. भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी त्यांच्या अंगणात उभा राहून वहिनींना सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "सकाळी खाल्लं होतं त्यानं? लेंड्या?"

माँजींनी अजून अंगण झाडलं नव्हतं. कोपऱ्यात पडल्या होत्या. गोल, कोरड्या, सुट्या. मी तसं सांगितलं.

"मंग माँजींले सांगा," वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या हातून नाई गेला."

मी म्हटलं, "माँजी, वो बोल रही हैं, आपके हाथ से नहीं गया."

तेव्हा माँजींनी ओढणी तोंडावर घेतली आणि रडायला लागल्या. पुव्यांचं त्यांना कुणी, कधी सांगितलं नव्हतं. तरी त्यांना सगळं ठाऊक होतं आणि इतके दिवस ते त्यांनी पोटात ठेवलं होतं, हे मला त्या अंगणात कळलं. फोनमध्ये वहिनीही रडत होत्या. मी माँजींजवळ खाली बसलो आणि फोन दोघींच्या मधे धरून ठेवला.