कैरोच्या चौकात घातलेलं गाऱ्हाणं

“बा देवा म्हाराजाऽऽ! तुझा ह्या पोर परमुलखात चुकला आसा, तेका वाटेक लाय रे म्हाराजाऽऽ!”

भर दुपारी कैरो शहराच्या चौकात हात जोडून, डोळे मिटून जो माणूस असा बोंबलत होता... तो मीच.

आधीच सांगतो, असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वेल्डर माणूस मी. ठिणगी भलतीकडे उडाली तर केबल तपासतो, नारळ फोडत नाही.

नव्वद सालची गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या अख्ख्या चाळीतून विमानात बसलेला पहिला प्राणी मी! लिबियात नोकरी लागली होती. निघताना गळ्यात इतके हार पडले की टॅक्सीवाल्याने विचारलं, “नवरी कुठंय?”

वाटेत कैरोला विमान बदलायचं होतं. मध्ये अर्धा दिवस रिकामा, म्हणून एजंटच्या माणसाने आम्हा कामगारांना बसमध्ये घालून पिरॅमिड दाखवले. बांधकाम झकास, प्लास्टर तेवढं राहिलंय. मग बाजार. तिथलं ट्रॅफिक काय सांगू... दहीहंडीच्या दिवशीचा आग्रा रोड परवडला! गाढवगाड्या, ट्राम, दाराला लोंबकळणारी माणसं — आणि त्यातून सायकलवर एक गडी, डोक्यावर पलंगाएवढी फळी, फळीवर हजारभर पाव. एक पडेल तर शपथ! मी तोंड वासून त्याच्या मागे चालत गेलो. वळून बघतो तर बस नाही, माणसं नाहीत. पासपोर्ट एजंटच्या माणसाकडे. संध्याकाळचं विमान चुकलं की नोकरी गेली... आणि हार घालणाऱ्या त्याच चाळीत परत कुठलं तोंड घेऊन जाऊ?

इंग्लिश बोललो, हिंदी बोललो. लोक हसून भलतीकडेच हात दाखवायचे. वाट लागली यार, म्हटलं... आणि आबा आठवले. आबा म्हणजे माझे वडील, मूळ मालवणचे. चाळीत कोणाचंही शुभकार्य असो, देवाला गाऱ्हाणं घालायचं ते आबांनीच. त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेली मंडळी “व्हय म्हाराजा” म्हणणार. ती साथ नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही.

म्हणून मी ओरडलो. पण साथ कोण देणार? दोन पोलीस तेवढे बघत थांबले. तेव्हा चूक कळली — आबा आधी जागेवाल्याला विनवतात, ज्याच्या हद्दीत आपले पाय आहेत त्याला. आणि मी कैरोत उभा राहून मालवणच्या देवाला त्रास देतोय! पुन्हा हात जोडले.

“बा जागेवाल्या म्हाराजा, तुझा नाव माका म्हायत नाय, पण तुझ्या हद्दीत उभो आसंय...”

“व्हय म्हाराजाऽऽ!”

डावीकडून. शंभर गळे! हजार म्हणणार होतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. धावलो तर तिथे नुसत्या कलिंगडांच्या गाड्या. पुन्हा ओरडलो, पुन्हा साथ — जरा पुढून. असं गाऱ्हाणं घालत गल्ल्यांतून पळालो आणि एका कोपऱ्यावर... आमची बस, इंजिन चालू! दार अडवून कांबळे उभा. नाहूरचा कांबळे, माझ्यासारखाच वेल्डर. देव-बीव काही मानत नाही. ड्रायव्हर त्याच्यावर अरबीत खेकसतोय.

“चढ लवकर! आणि इथं तुझे एवढे गाववाले कुठून आले रे?”

“कुठले गाववाले?”

“मला बहिरा समजतोस काय? मघापासून व्हय व्हय करून कान किटवले. म्हणून तर गाडी धरून ठेवली ना! म्हटलं, वश्या येतोय.”

तेव्हापासून छाती फुगवून सांगतो — पिरॅमिड बघून सगळेच येतात, पण अख्ख्या कैरोला “व्हय म्हाराजा” म्हणायला लावणारा वेल्डर एकच, आणि तो घाटकोपरचा! पण ते गळे कोणाचे? आजतागायत डोकं खाजवतोय. कैरोत एखादा मालवणी असेलही... पण शंभर?

पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आबांना सगळं साग्रसंगीत ऐकवलं. खोलीत शेजारी दाटले होते. शेवटी विचारलं, “आबा, साथ कोणी दिली आसतली?”

आबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली.

“गाऱ्हाणा घातल्यार व्हय म्हणूचाच लागता.”