रिकामा फेरा

ऑफिसात सगळे त्याला बिल्डकाका म्हणत. वय काका म्हणवून घेण्याचं नव्हतं, पण ज्या कामाला कुणी हात लावत नाही ते काम करणारा माणूस लवकर काका होतो. कंपनी लिफ्टचे कंट्रोलर बनवायची. प्रत्येक कंट्रोलरच्या पोटात एक कर्नेल असतो. कर्नेल म्हणजे घरातला असा कारभारी, जो स्वतः दिसत नाही पण बाकी सगळ्यांना कामाला लावतो. तो कर्नेल नव्याने बांधायची, म्हणजे 'बिल्ड' करायची, वेळ आली की काकांना हाक जायची. एरवी त्यांच्या टेबलावर लोक आपली छत्री ठेवून जात.

बायकोला या नोकरीचं काडीचं कौतुक नव्हतं. "जगभरचं जुळवत बसता," ती म्हणायची, "मिक्सरचं झाकण भांड्याला जुळत नाही, ते आधी बघा." झाकण वर्षानुवर्षं जुळत नव्हतं. काका मिक्सर चालू असताना ते तळहाताने दाबून धरत आणि याला तात्पुरता उपाय म्हणत.

तर झालं असं, की काका राहत त्या इमारतीतल्या लिफ्टच्या कंट्रोलरचा बोर्ड जळला. लिफ्ट त्यांच्याच कंपनीची, अगदी पहिल्या मॉडेलची. नवा बोर्ड मिळाला, पण त्याला जुना कर्नेल चालेना. नवीन बांधायला हवा होता. यात अवघड काही नव्हतं. फक्त तो ऑफिसातल्या ज्या जुन्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, बांधला जायचा, ते मशीन काकांच्या वरच्या मॅडमनी स्वच्छता सप्ताहात भंगारात दिलं होतं. "त्यावर नुसती धूळ होती," मॅडम म्हणाल्या. धूळ होती हे खरंच होतं.

आता इथे एक गाठ होती. काकांची आई सातव्या मजल्यावर, काकांकडे. मावशी तळमजल्यावर. दोघी रोज दुपारी मावशीकडे पत्ते खेळायच्या, आणि दिवसाचा उरलेला वेळ कालच्या डावावर भांडायच्या. लिफ्ट बंद पडली आणि आई वर अडकली. मावशीचे गुडघे तर तीन पायऱ्यांतच संपावर जायचे. खुर्चीत बसवून खाली नेतो म्हटलं तर आई म्हणाली, "खुर्चीवरून नेण्याइतकी मला अजून घाई नाही."

मग दोघींनी टोपली काढली. आई दोरीने टोपली सोडायची, त्यात एक पत्ता. मावशी आपला पत्ता टाकायची, टोपली वर. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर वाटेत टोपली थांबवून पत्ता बघायचे आणि दोन्हीकडे ओरडून सल्ला द्यायचे. आई हरायला लागली. हरण्याचं तिला काही नव्हतं, पण पोस्टमास्तरांमुळे हरणं तिच्या जिवाला लागलं. ती जेवताना बोलेनाशी झाली. काकांना ते शांत जेवण सहन होईना.

ऑफिसात नव्या मशीनवर नवा कंपायलर होता. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या. जुना दुभाष्या भिडस्त होता, मिळेल ते निमूट उतरवायचा. नवा पडला शिस्तीचा. त्याने कर्नेल वाचायला घेतला आणि ओळीओळीला नाक मुरडलं. हे असं का लिहिलंय, ते वापरलंच नाही, इथे कंस हवा. आणि जुन्या कर्नेलचा नियम असा, की दुभाष्याने साधी शंका काढली तरी काम थांबवायचं.

काकांनी जुना कंपायलरच नव्या मशीनवर उभा करायचं ठरवलं. तो म्हणाला, मला उभं करायला माझे वडील, म्हणजे माझ्या आधीचा कंपायलर, आणा. वडील म्हणाले, आजोबांशिवाय मी येत नाही. काकांनी कुठून कुठून शोधून आजोबांना आणलं, त्यांनी पणजोबांचं नाव सांगितलं. पणजोबा सापडले तेव्हा ते एकच मागत होते. भंगारात गेलेलं ते मशीन. काकांनी हात टेकले.

"या नुसत्या शंका, वॉर्निंग आहेत ना? एरर नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"वॉर्निंगच."

"मग दाबून टाका."

एरवी काका अशाने भडकले असते. पण घरी आई गप्प होती. त्यांनी नियम काढून टाकला, एक खूण टाकून सगळ्या शंकांचं तोंड बंद केलं, आणि कर्नेल बिनतक्रार बांधला गेला. चाचणीच्या टेबलावर खरं दार नव्हतं. दाराच्या जागी एक हिरवा दिवा होता. दिवा लागला, दिवा विझला. पास. झाकण तळहाताने दाबून धरायची सवय माणसाला कुठे कुठे नेते बघा.

संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली. वर आली, दार उघडलं आणि कुणी श्वास घ्यायच्या आत मिटलं. आईने काठी घातली. काठीला लागून दार मागे सरलं, लगेच पुन्हा आलं. बराच वेळ दाराची आणि काठीची जुंपली होती. शाळकरी पोरं उड्या मारून आत शिरत होती. पोस्टमास्तर एकदा अर्धे शिरले आणि नको ती भानगड म्हणून परत बाहेर आले.

"उडी मारून शिरायला मी काय चोर आहे?" आई म्हणाली, आणि टोपली घ्यायला आत गेली. काकांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शंकांचं तोंड पुन्हा उघडलं आणि एकेक ऐकून घेतली. पुष्कळशा खरोखरच किरकिऱ्या होत्या. एक नव्हती. दाराच्या भागात, कर्नेल पहिल्यांदा लिहिणाऱ्या कारागिराने एक रिकामा फेरा लिहिला होता. यंत्राने नुसतं आकडे मोजत बसायचं, बाकी काही करायचं नाही. नव्या दुभाष्याने विचारलं होतं, हे काहीच करत नाही, ठेवायचं कशाला? उत्तर आलं नाही, म्हणून त्याने तो काढून टाकला. शहाणाच तो. पण ते काहीच न करणं म्हणजेच दाराचं थांबणं होतं.

काकांनी फेरा परत घातला आणि याला हात लावायचा नाही असं दुभाष्याला बजावलं. तरी पेच उरलाच. नवा बोर्ड भराभर मोजायचा, जुना आकडा त्याला पुरणार नव्हता. मग किती मोजायचं? काका घरी गेले, आईला लिफ्टसमोर उभं केलं आणि घड्याळ धरलं. आईने आधी उंबऱ्यावरच्या फटीकडे संशयाने पाहिलं. मग काठी आत. मग एक पाय. मग दुसरा. मग वळून दाराकडे तोंड केलं आणि म्हणाली, "हं."

त्या 'हं'पर्यंतचा वेळ काकांनी घातला. यावेळी नुसत्या दिव्यावर न भागवता खऱ्या दारापाशी उभे राहिले. दार उघडलं, थांबलं. आई खाली गेली. मावशी पत्ते वाटून बसलीच होती. "किती उशीर," एवढंच म्हणाली, आणि पहिल्याच डावाला दोघी भांडल्या. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ते भांडण ऐकत राहिले. त्यांना फार बरं वाटलं.

तोच कर्नेल पुढे कंपनीच्या सगळ्या जुन्या लिफ्टमध्ये गेला. मग तक्रारी आल्या. दार फार वेळ उघडं राहतं, माणसं खोळंबतात. मॅडम काकांच्या टेबलाशी आल्या, तिथली छत्री बाजूला करून बसल्या. "कमी करा तो वेळ. दाखवा कुठे आहे."

काकांनी फाइल उघडली. फेऱ्याच्या डोक्यावर त्यांनीच एक ओळ लिहून ठेवली होती: 'रिकामा दिसला तरी काढू नये. आई आत येते आहे.'

मॅडमनी ती वाचली. "कुणाची?"

"माझी."

मॅडमनी खालच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"माझी याहून सावकाश चालते," त्या म्हणाल्या. "वाढवा."