पुदिन्याचा खोडवा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी प्रत्येकाला एक रोप घरी वाढवायला सांगितलं. काडीपासून वाढवायचं, दोन महिने रोज वहीत नोंद करायची आणि शेवटी रोप आणि वही दोन्ही दाखवायची. "जे दिसलं तेच लिहा," हे त्या दोनदा म्हणाल्या.

मी पुदिना घेतला. आईनं बाजारातनं आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या निवडल्या, खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवल्या. आठव्या दिवशी पेरांतून पांढरी मुळं दिसली. मग तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, माती आणि कुजलेलं शेणखत भरलं, काड्या लावल्या. गोठ्याच्या भिंतीशी फक्त सकाळचं ऊन येतं, तिथं डबा ठेवला.

पाचव्या आठवड्यात खालची पानं फिकट झाली. मी तसं लिहिलं. दोन दिवसांनी पाहिलं तर सगळ्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी, आणि मातीवर न विरघळलेले पांढरे दाणे.

"आप्पा, डब्यात काय घातलंय?" मी वडिलांना विचारलं.

"युरिया. पिवळा पडलाय म्हणून मूठभर टाकला की. उसाला पोत्यानं टाकतोय, कधी काय झालंय?"

"आप्पा, हा ऊस न्हाय!"

"दिसतंय की आता," ते डब्याकडं बघत म्हणाले.

आणखी दोन दिवसांत रोप काळं पडलं. वही दाखवायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "नर्सरीतनं तयार कुंडी आण आणि गप्प बस. मॅडम पुदिन्याचा चेहरा वळखतात व्हय?"

मी हसले, पण ते डोक्यातून जाईना. एकदा गावी, गडमुडशिंगीला, परतताना वाटेतल्या नर्सरीजवळ बसमधून उतरलेसुद्धा. दाट पानांची कुंडी हातात घेतली. मग वाटलं, ही नेली तर आजपासूनचं प्रत्येक पान खोटं लिहावं लागेल, आणि मला तर खरं लिहायलाच अजून नीट जमत नाही. कुंडी खाली ठेवली. आहे तेच रोप जगवायचं, नाही जगलं तर मेलं असं लिहायचं, हे तिथंच ठरवलं.

घरी आले तर आप्पा डब्यासमोर बसलेले. "खोडवा धर की त्येचा," म्हणाले. ऊस तोडल्यावर जमिनीतल्या बुडख्याला पुन्हा फुटवे येतात, तेच आमच्याकडं खोडवा म्हणून राखतात. पुदिन्याचं मला असं सुचलंच नव्हतं.

आम्ही डबा पाटीत उपडा केला. करपलेल्या काड्यांखाली मातीत आडवे पसरलेले पांढरे धावते कोंब होते. नख लावून बघितलं, आतून ओले. ते धुतले, डब्यात नवी माती भरली, आडवे ठेवून वर दोन बोटं माती पसरली.

वहीत लिहिलं, 'जास्त युरियामुळे रोप करपले.' आप्पांनी वही घेऊन सावकाश वाचली.

"कुणी टाकला ते कुठाय?"

"असूदे आप्पा."

"असूदे काय? लिव. किती टाकला ते बी लिव."

किती, ते कुणाला माहीत होतं? त्यांनी पोत्यात हात घातला, तशीच मूठ भरून कागदात बांधली आणि मला घेऊन किराणा दुकानात गेले. पुडी ताजव्यात टाकली.

"काय आप्पा, साखर इकायला आणलीसा?" दुकानदारानं विचारलं.

"व्हय, तुझ्या च्यात घालाय."

बासष्ट ग्रॅम भरला. मी लिहिलं.

नऊ दिवस काही दिसलं नाही. रोज मातीत बोट घालून बघायचे, कोरडं लागलं तरच पाणी द्यायचे, आणि 'बदल नाही' असं लिहायचे. दहाव्या दिवशी मातीतून एक तांबूस टोक वर आलं.

वही दाखवायच्या दिवशी डबा मांडीवर घेऊन बसनं गेले. सात फुटवे, तीन बोटं उंच. टेबलावर इतरांच्या कुंड्या भरगच्च होत्या. डबा कुठं ठेवावा कळेना, कडेला ठेवला. मॅडमनी वहीतलं युरियाचं पान उभ्यानंच वाचलं.

"वडिलांनी बासष्ट ग्रॅम युरिया घातला. बरं. का घातला?"

"पानं पिवळी पडली म्हणून, मॅडम."

"ती तुम्हाला त्यांच्या आधी दिसली होती. इथं लिहिलंय. त्यांना काही बोललात?"

बोलले नव्हते. दिवसातून दहादा त्या डब्यावरून जाणाऱ्या माणसाला डबा कशासाठी आहे एवढंही मी सांगितलं नव्हतं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. तिथल्या गोष्टी सांगितल्या तर मिरवल्यासारखं दिसेल, असं वाटायचं.

मी वही परत मागितली आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'रोपाबद्दल मी घरी काहीच सांगितले नव्हते.' मॅडमनी सही केली. "आणखी महिनाभर नोंदी ठेवा," म्हणाल्या.

आता संध्याकाळी नोंद लिहिली की ती आप्पांना वाचून दाखवते. ते गोठ्यात धार काढायला बसलेले असतात. कालच मधे थांबवून म्हणाले, "आठ न्हवं, नऊ फुटवं हाईत. भिंतीकडनं बघ जा."

मी उठून बघायला गेले.